रस्ता तेथे एसटी, पाणी तेथे काय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी स्कॉटलंडला जाऊन आल्या. त्यांचा मुलगा एडिंबरोला असतो. त्याने आईवडिलांना ओबन बंदरातून मोठ्या फेरीबोटीत बसवून, जवळजवळ पाच तासांचा समुद्र ओलांडून, बाह्य हेब्रिडीजमधल्या एका बेटावर नेले. बेटाचे नाव बारा. या नावावरून स्टाफरूममध्ये व्हायचे ते सगळे विनोद झाले. मग भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे हातोहात फिरली. खाडीच्या मधोमध, पाण्यातूनच उगवल्यासारखा एक किल्ला (आपल्या जंजिऱ्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा), एकही उंच झाड नसलेल्या टेकड्या, वाऱ्याने आडवे झालेले गवत आणि डेकवर डोक्याचा स्कार्फ दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या आमच्या बाई. शेवटी त्या म्हणाल्या, "एवढ्या दूर, एवढ्या वाऱ्यात माणसे राहतात आणि बोट मात्र घड्याळाच्या काट्यावर! आपल्या खानदेशात समुद्रच नाही, त्यामुळे आपल्याला या गोष्टींचे काही सुखदुःखच नाही."

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. धुळ्यात बसून फेरीबोटीविषयी दुसरे काय बोलणार? पण घरी जाताना मला एक जुने वाक्य आठवू लागले आणि ते काही केल्या मनातून जाईना. तीन शब्दांचे वाक्य होते ते : "वारं होतं, मॅडम."

हे वाक्य तीन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने उच्चारले होते. मुलगा पावरा समाजातला, सातपुड्यातला, अक्राणी तालुक्याच्या उत्तर टोकाचा. गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मराठी घेऊन शिकत होता. होळीला घरी गेला आणि अंतर्गत परीक्षेच्या दिवशी आलाच नाही. 'होळीला गेलेली ही मुले वेळेवर परत येत नाहीत' हे आमच्याकडचे ठरलेले वाक्य आहे. त्या वाक्यात होळी, मोहाची दारू, रात्रभरचा ढोल आणि आमची स्वतःची खात्री या साऱ्या गोष्टी न बोलता येऊन जातात. तो तीन दिवसांनी उगवला तेव्हा मी कारण विचारले. आजवर लग्नाची, तापाची, एसटीच्या संपाची कारणे मी ऐकली होती. वाऱ्याचे कारण प्रथमच ऐकत होते. मला ती थाप वाटली. पुनर्परीक्षा नियमात बसत नाही, असे मी त्याला सांगितले. नियम उघडून पाहिला नव्हता. पटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असे मी माझ्या हाताने लिहिले. त्याने वाद घातला नाही. नुसता "बरं मॅडम" म्हणाला.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या गावी गेले. आगाऊ पश्चात्ताप म्हणून नव्हे. खरे तर लोकगीतांच्या एका छोट्या संकलनाचे निमित्त होते. धुळ्याहून शहादा, शहाद्याहून घाट चढून धडगाव, येथवर एसटी. पुढे भुषापर्यंत जीप. आणि भुषाला रस्ता संपला. संपला म्हणजे समोर दरी किंवा जंगल आले असे नव्हे. समोर पाणी आले. डांबर, मग मुरूम, मग चिखल आणि मग सरळ पाणी. जणू रस्ता पुढे पाण्याखालून तसाच चालू असावा.

हे पाणी म्हणजे सरदार सरोवराचा फुगवटा. नर्मदेने महाराष्ट्राची उत्तर सीमा सुमारे ५४ किलोमीटर आखली आहे. एवढीच तिची व आपली भेट. धरणाची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९७९ मध्ये आला. नव्वदच्या दशकात प्रथम मणिबेलीत पाणी शिरले, मग एकेक गाव. महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे या पाण्याने बाधित झाली, ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. हा मुलूख १ जुलै १९९८ पर्यंत आमच्या धुळे जिल्ह्यातच होता. मग नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या नकाशावरून हे पाणीच गेले. धरणाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी प्रथमच तेथवर चढले. या फुगवट्याची लांबी २१४ किलोमीटर आहे. ज्यांचे घर-शेत बुडाले त्यांतील अनेकांना तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा यांसारख्या वसाहतींत जमिनी मिळाल्या व ते खाली उतरले. काही जण मात्र डोंगरावर वर सरकले. कुणाची जमीन पाण्यात गेली नव्हती, कुणाचे नाव यादीत नव्हते, कुणाला डोंगर सोडवत नव्हता. त्यांच्या भोवती पाणी चढत गेले. टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यांत पाणी शिरले की टेकडीचे बेट होते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. ते डोळ्यांनी पाहिले ते भुषाला.

खानदेशात समुद्र नाही, हे खरे. पण खानदेशात बेटे आहेत. ती आपण तयार केली आहेत.

होडीची वाट आम्ही दोन तास पाहिली. वेळापत्रक नव्हते. धडगावच्या बाजाराहून परतणारी माणसे जमली, डिझेलचा हिशेब जमला, तेव्हा होडी निघाली. तिच्यात आम्ही, दोन शेळ्या, मिठाची व सिमेंटची पोती, एक तान्हे मूल आणि त्याची आई. पाण्यातून मेलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले होते. नाखवा त्यांना चुकवत होता. त्याला पाण्याखालचा सगळा गाव पाठ होता. एका ठिकाणी माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा बोट दाखवून पावरीत काहीतरी सांगू लागले. नातवाने मराठीत सांगितले, "बाबा म्हणतो, इथं आमचा मोहाचा झाड होता. तिकडं शाळा." मी पाहिले. सगळीकडे सारखेच पाणी होते.

परतीच्या दिवशी सकाळी वारा सुटला. डोंगरांच्या मधून वारा येतो तेव्हा त्याला दुसरी वाटच नसते, तो पाण्यावरूनच येतो. पाहता पाहता पाण्यावर लाटा उठल्या. नदीत वाढलेल्या माणसाच्या हिशेबी त्या लाटा नव्हेतच, ते समुद्राचेच वागणे होते. नाखव्याने होडी खेचून वर बांधली आणि तो झाडाखाली बसला. कुणी त्याला आग्रह केला नाही. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सुमारास याच भुषाजवळ नाव उलटून माणसे बुडाली होती, त्यांत लहान मुले होती. तेथे कुणाला ती तारीख सांगावी लागत नाही. मी त्या दिवशी व दुसऱ्या दिवशीही तेथेच राहिले. सुट्टी होती म्हणून माझे काही बिघडले नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी त्या मुलाला म्हणाले, "वारं होतं, हे तू मला नीट समजावून का नाही सांगितलंस?" तो हसला. म्हणाला, "सांगितलं होतं मॅडम. एवढंच असतं ते."

येथे आपल्या अभ्यासक्रमातला एक गृहस्थ आठवतो. १७७३ मध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन, इंग्रजी कोशाचे कर्ते, साठी ओलांडल्यावर जेम्स बॉस्वेलला बरोबर घेऊन हेब्रिडीज बेटांवर गेले. वादळात त्यांची होडी भलतीकडे गेली आणि ते कोल नावाच्या बेटावर कित्येक दिवस अडकून पडले. जॉन्सनचे प्रवासवर्णन १७७५ मध्ये आले, बॉस्वेलचे १७८५ मध्ये. इंग्रजी साहित्याचा इतिहास त्या अडकून पडण्याला आजही कौतुकाने जागा देतो. कोशकार वाऱ्यामुळे अडकला तर त्याचे साहित्य होते आणि पावरा मुलगा वाऱ्यामुळे अडकला तर तो गैरहजर होतो. वारा तोच असतो. फरक लिहिणाऱ्याच्या हातात असतो, आणि या खेपेस तो हात माझा होता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. 'दुर्गम' हा आपल्या शासकीय मराठीतला लाडका शब्द आहे. त्याच्यावर 'अति' हा उपसर्ग चढवून बदल्यांचे व भत्त्यांचे हिशेब होतात. पण दुर्गम कुणाला? धुळ्याहून निघणाऱ्याला ते गाव दुर्गम. त्या गावातल्या माणसाला धुळे दुर्गम. शिवाय ही दुर्गमता निसर्गाने दिलेली आहे, असे आपण गृहीत धरतो. ती तशी नाही. डोमखेडी महाराष्ट्रात आणि समोरच्या काठावर जलसिंधी मध्य प्रदेशात. या दोन काठांवर सोयरिकी होत्या, उन्हाळ्यात नदी उतरून माणसे येत-जात. नदीने जोडलेले जलाशयाने तोडले. धरण बांधावे की न बांधावे हा वाद चाळीस वर्षे झाला, त्यात मी येथे शिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये निकाल दिला, २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. मात्र लवादाने या प्रकल्पाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला आहे, एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हणजे हे पाणी तुमच्या-माझ्यासाठीही अडवलेले आहे. ज्यांचा रस्ता आपल्यासाठी पाण्याखाली गेला, त्यांना पाण्यावरचा रस्ता देणे हा उपकार कसा ठरेल?

आमच्या सहकारी बाईंना स्कॉटलंडमध्ये शिस्त दिसली. ती शिस्त कशातून आली, हे पाहण्यासारखे आहे. तेथील पश्चिम बेटांच्या बहुतेक फेऱ्या कॅलेडोनियन मॅकब्रेन ही स्कॉटिश सरकारच्या मालकीची कंपनी चालवते. ऑक्टोबर २००८ पासून आधी काही मार्गांवर प्रयोग म्हणून आणि २०१५ पर्यंत त्या संपूर्ण जाळ्यावर एक तत्त्व लागू झाले : तेवढेच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च आला असता, त्याच्याशी बोटीचे भाडे जोडायचे. म्हणजे बोट ही चैन नव्हे, सहलही नव्हे, तो रस्ताच आहे आणि पाणी मध्ये आले हा बेटवासीयाचा गुन्हा नव्हे. तेथे सारे आलबेल आहे असेही नाही. २०१५ मध्ये मागवलेल्या दोन नव्या फेरीबोटींपैकी पहिली सेवेत यायला जानेवारी २०२५ उजाडला आणि त्यावरून संसदेत, वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे रणे माजली. मला त्या दिरंगाईतही हेवा वाटण्याजोगे काही दिसते. बोट उशिरा आली, हा तेथे राष्ट्रीय प्रश्न होऊ शकतो.

बोट नसली तर काय होते, याचेही उदाहरण तेथेच आहे. मुख्य बेटांच्या पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटरवर सेंट किल्डा नावाचा द्वीपसमूह आहे. तेथे नियमित टपालबोट नव्हती. माणसे कोरलेल्या लाकडात चिठ्ठी ठेवून, त्याला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधून ते समुद्रात सोडत आणि वारा ते कुठेतरी किनाऱ्याला लावील अशी आशा धरत. तरुण निघून जात राहिले. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे स्वतःच अर्ज करून बेट सोडून गेली. घराघरांत बायबल उघडे ठेवून गेली, असे सांगतात. आज तेथे पर्यटकांच्या होड्या जातात. माणसे होती तेव्हा नियमित टपालबोट नव्हती. माणसे गेली, पर्यटकांच्या बोटी मात्र येतात. नर्मदेच्या फुगवट्यावर क्रूझ, तंबू आणि सूर्यास्त यांचे बेत जेव्हा जेव्हा कानावर येतात तेव्हा मला सेंट किल्डा आठवते.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या पाण्यात तरंगता दवाखाना फिरला आहे. आंदोलनाने नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून या काठावर जीवनशाळा चालवल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका पाड्यांवरील बाळांसाठी व गरोदर बायांसाठी दिवसाला सुमारे १८ किलोमीटर होडी वल्हवते, ही बातमी देशभर गाजली. आपण तिचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण एका बाईला रोज १८ किलोमीटर वल्हवावे का लागते, हा प्रश्न त्या कौतुकात कुठल्या कुठे वाहून गेला. वीर निर्माण झाला की व्यवस्थेची सुटका होते.

कुणी म्हणेल, तेथे प्रवासी किती आणि तोटा किती! एसटी फायद्यासाठी सुरू झाली होती काय? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासून 'रस्ता तेथे एसटी' हे वाक्य महाराष्ट्राने ब्रीदासारखे जपले. आडगावातली मुले एसटीच्या पासावर शिकली. त्यांतलीच मी एक, यावल तालुक्यातली. माझ्या पासाचा तोटा कुणीतरी सोसला म्हणून मी आज पटावर हजर-गैरहजर लिहिण्याच्या खुर्चीत बसले आहे.

अडचणी खऱ्या आहेत. या जलाशयाची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे, म्हणजे पूर्ण पातळी आणि ती यांत २८ मीटरचा फरक. नऊ मजली इमारतीएवढा. उन्हाळ्यात पाणी खाली सरकते, मागे गुडघाभर गाळ ठेवते आणि होडीचा धक्का दर महिन्याला दुसरीकडे जातो. स्कॉटलंडमध्ये भरती-ओहोटीच्या वेळा चंद्र ठरवतो, त्यामुळे त्या वर्षभर आधी छापता येतात. आपल्याकडे पाण्याची पातळी कार्यालये ठरवतात. जे कार्यालयाला ठरवता येते, ते त्याला आधी कळवता का येऊ नये? तरंगता धक्का, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सुटणारी बार्ज, एसटीच्या दराचे तिकीट, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आणि वारा असेल त्या दिवशी 'आज बोट नाही' असा अधिकृत दाखला. हा दाखला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मग कुणा मुलाचे खरे बोलणे कुणा मॅडमला थाप वाटणार नाही.

एक गोष्ट आपल्या, म्हणजे साहित्याच्या अंगणातली. नर्मदा परिक्रमेची पुस्तके हा मराठीत अलीकडे एक लोकप्रिय प्रकार झाला आहे. परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतो, ती ओलांडत नाही. मुखाशी पोचल्यावर मात्र होडीने खाडी पार करतो. त्या होडीचे वर्णन बहुतेक पुस्तकांत भक्तीने येते. आणि शूलपाणीच्या झाडीत भेटणारे 'मामा' येतात ते यात्रेकरूला लुटणारे म्हणून. कुणी त्यात ईश्वराची परीक्षा पाहतो, कुणी दारिद्र्य पाहतो. पण त्या मामाला होडीने रोज कुठे जावे लागते, त्याची भाची कुठल्या महाविद्यालयात शिकते, हे त्या पानांवर येत नाही. दुसरीकडे आंदोलनाविषयीचे लेखन आहे. ते मोलाचे आहे, पण त्यात माणसे बहुधा सामूहिक असतात, मूठ वळलेली असतात. बाजारातून मीठ घेऊन परतणारी, होडीची वाट पाहत कंटाळलेली माणसे दोन्हीकडे नाहीत. शहाद्याच्या परिसरातले वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. त्यांची 'स्टेज' ही कविता आम्ही वर्गात शिकवतो आणि शिकवताना आम्हीच स्टेजवर उभे असतो, हे सोयीस्करपणे विसरतो. स्कॉटलंडमध्ये रासे बेटावर जन्मलेल्या सॉर्ली मॅक्लीनने उठवल्या गेलेल्या हालेग या गावावर कविता लिहिली ती गेलिक भाषेत, गावाच्या स्वतःच्या भाषेत. जगाला ती अनुवाद करून घ्यावी लागली. पाण्याखालच्या मोहाच्या झाडाची कविता पावरीत लिहिली जाईल तेव्हा आमच्यावरही ती पाळी येईल. ती यावी.

माझा तो विद्यार्थी पदवीधर झाला. त्या एका विषयात त्याचे गुण कमी राहिले ते राहिलेच. पुढे मी नियमांची पुस्तिका उघडून पाहिली. अंतर्गत परीक्षेची तारीख विभागाने ठरवायची असते आणि सबळ कारण असल्यास ती पुन्हा घेता येते. मी 'नियमात बसत नाही' म्हणाले होते तेव्हा नियम माझ्याच टेबलाच्या खणात होता.

यंदा आम्ही होळीनंतर आठ दिवस परीक्षा ठेवली नाही. कुणाची परवानगी लागली नाही, कुठला ठराव करावा लागला नाही. सातपुड्यातली सगळी मुले हजर होती.